डाव्या पानावरचा सोलू

गेल्या वर्षी जून महिन्यात माझी केमोथेरपी सुरू झाली, तेव्हा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील परिचारिकेने मला एक वही करायला सांगितली होती. सकाळ-संध्याकाळ अंगातील ताप मोजून त्या वहीत लिहायचा आणि थर्मामीटरचा आकडा १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर रात्र असो वा पहाट, घरी गोळी घेऊन वाट पाहत न बसता थेट रुग्णालय गाठायचे, अशी तिची सक्त ताकीद होती. शाळेत तीस वर्षे शिकवल्यामुळे वहीचे उजवे पान पक्क्या लेखनासाठी आणि डावे पान कच्च्या कामासाठी, ही सवय हाताला इतकी लागली आहे, की माझ्या तापाचे आकडे आपोआप उजवीकडेच उतरले. डावी पाने कोरी राहिली. जुलै महिन्यात ती पाने सोलूच्या वाट्याला आली.

सोलू हा आमचा कुत्रा. २०१४ च्या पावसाळ्यात फोंडा तालुक्यातील आमच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेच्या व्हरांड्यात, मोडक्या बाकांच्या आडोशाला, हे पिल्लू कुणीतरी आणून सोडले होते. वाळवलेल्या आमसुलासारखा त्याचा काळपट तांबडा रंग पाहून मुलांनी त्याचे नाव सोलू ठेवले, कारण आमसुलांना आमच्याकडे सोलां म्हणतात. शनिवारी शाळा सुटल्यावर, रविवारी त्याला कोण पाहणार म्हणून मी त्याला घरी आणले आणि सोमवारी परत न्यायचे राहून गेले. त्याच वर्षी गोव्यात मिशन रेबीजची लसीकरण मोहीम सुरू झाली होती. पुढे २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले, त्यामागे जी हजारो कुत्री दरवर्षी सुई टोचून घेत होती, त्यांत आमचा सोलूही होता. ती लस आम्ही एकदाही चुकवली नाही. गोचिडींचे मात्र तसे झाले नाही, आणि त्याविषयी मला सविस्तर लिहायचे आहे.

दर रविवारी दुपारी मागच्या पडवीत बसून मी त्याचे कान, बोटांच्या बेचक्या आणि गळपट्ट्याखालची मान तपासत असे, चिमट्याने गोचिडी काढून रॉकेलच्या वाटीत टाकत असे. त्यालाही त्याची इतकी सवय होती, की वाटीचा आवाज झाला की तो येऊन मांडीवर डोके टेकत असे. गेल्या वर्षी मार्चमध्ये माझ्या स्तनातील गाठीचा अहवाल आला आणि त्या दिवसापासून घरातील सर्वांचे डोळे माझ्याकडे लागले. मे महिन्यात शस्त्रक्रिया झाली. काखेतील टाक्यांमुळे उजवा हात वर उचलत नव्हता आणि त्या सगळ्या रविवारी सोलूचे कान कुणीही तपासले नाहीत.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी घराच्या मधल्या अंगणात, राजांगणात, रक्ताचे थेंब दिसले. प्रथम सर्वांना वाटले, ते माझेच. यजमान पायांत चपला न घालता माझ्या खोलीपर्यंत धावत आले. रक्त सोलूच्या नाकातून येत होते. फोंड्याच्या पशुवैद्यकांनी रक्त तपासले तेव्हा प्लेटलेट ३२,००० निघाल्या. निरोगी कुत्र्याच्या रक्तात त्या दोन ते पाच लाखांच्या दरम्यान असतात. त्यांनी निदान केले ते एर्लिकिया कॅनिस या जंतूचे. कुत्र्यांवरील तपकिरी गोचिडींमधून तो शरीरात जातो आणि पांढऱ्या पेशींमध्येच मुक्काम करतो. आपल्याकडे याला सरसकट गोचीड ताप म्हणतात आणि गोव्याच्या दमट हवेत तो घराघरांतील कुत्र्यांना होतो. उपचार म्हणजे डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक, २८ दिवस. सोलूचे वजन तेव्हा १८ किलो होते, म्हणून १०० मिलिग्रॅमची गोळी सकाळी एक आणि रात्री एक, तीही रिकाम्या पोटी नाही.

त्या दिवसापासून डाव्या पानावर सोलूचा ताप, गोळी आणि जेवण यांची नोंद सुरू झाली. माझा स्वतःचा उपयोग घरात कशासाठीच होत नसताना हे एक काम मला करता येत होते. थर्मामीटर अर्थात वेगळा होता. पशुवैद्यकांनी सांगितले होते, की कुत्र्याच्या अंगाची नेहमीची उष्णताच १०१ ते १०२.५ असते. मी पुष्कळ वेळ ते आकडे पाहत राहिले होते, कारण ज्या आकड्याला मला धावत बांबोळीला न्यावे लागले असते, तो आकडा सोलूच्या पानावर दिसला की घरातील सर्वजण सुटकेचा निःश्वास टाकत असत.

माझ्या कर्करोगतज्ज्ञांनी कुत्र्याला घरातून काढायला सांगितले नव्हते, हे मला स्पष्टपणे नोंदवायचे आहे. त्याला चाटू देऊ नका, ओरखडा निघू देऊ नका, त्याची घाण तुम्ही साफ करू नका, हात लावल्यावर साबणाने धुवा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. गोचीड तापाविषयी विचारले असता, कुत्र्याकडून माणसाला तो थेट लागत नाही, मध्ये गोचीड लागते, असे त्यांनी समजावले. परंतु आजारी माणसाच्या घरात डॉक्टरांचा शब्द जसाच्या तसा पोहोचत नाही. प्रत्येकाच्या भीतीतून गाळून तो पोहोचतो. माझ्या घरच्यांपर्यंत तो ‘कुत्र्यापासून लांब’ एवढाच पोहोचला आणि सोलूची जागा गोठ्यात झाली. दहा वर्षे माझ्या पलंगाच्या पायथ्याशी झोपलेल्या प्राण्याला, तो आजारी असताना आणि मीही आजारी असताना, रिकाम्या गोठ्यात गोणपाटावर झोपावे लागले. रात्री तो सुटून यायचा आणि माझ्या खोलीच्या बंद दाराबाहेर आडवा व्हायचा. उंबऱ्याखालच्या फटीतून त्याच्या श्वासाचा आवाज येत असे. केमोबरोबर मिळणाऱ्या डेक्सामेथासोनमुळे औषधानंतरच्या दोन-तीन रात्री मला झोप लागत नसे, त्या रात्री मी पलंग सोडून दाराशी पाट टाकून बसत असे. दुसऱ्या आवर्तनापूर्वी माझे सगळे केस गेले होते. आरशात मला मीच परकी वाटत होते. फटीपलीकडून शेपटी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला, की हे नाक तरी मला ओळखते आहे, असे वाटत असे.

यजमानांविषयी येथे लिहिले नाही तर अन्याय होईल. सोलूला कडू गोळी पेजेतून जात नव्हती, फक्त बांगड्याच्या तुकड्यातून जात होती. जुलैअखेरपर्यंत मासेमारीबंदी, त्यामुळे बाजारात मिळेल तो मासा महाग. बंदी उठून बांगडा स्वस्त होतो न होतो, तोच श्रावण लागला. आमच्या घरात श्रावणात मासळी शिजत नाही. माझ्या सासूबाईंच्या वेळेपासून नाही. यजमानांनी परसात, माडाच्या बुंध्याशी तीन चिरे मांडून वेगळी चूल केली, वेगळे मडके आणले आणि भर पावसात डोक्यावर छत्री धरून ते कुत्र्यासाठी बांगडा उकडत बसत. मग अंगावरून पाणी घेऊन ते देवपूजेला बसत. त्या महिन्याची मला मनापासून आठवावीशी वाटणारी जी थोडी दृश्ये आहेत, त्यांत हे पहिले आहे.

पहिल्या पंधरवड्यात सोलू सुधारला, रक्त थांबले, प्लेटलेट एक लाखाच्या वर गेल्या. ऑगस्टमध्ये मात्र तो पुन्हा बसला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या. या वेळच्या अहवालात प्लेटलेट, लाल पेशी आणि पांढऱ्या पेशी, तिन्ही कमी होत्या. पशुवैद्यकांनी सांगितले, की हा आजार जुनाट अवस्थेत गेला की हाडांच्या आतील मज्जा दबते आणि नव्या पेशी तयार होणेच थांबते. गोळ्यांचा दुसरा क्रम त्यांनी सुरू केला, पण यजमानांना बाजूला घेऊन आशा कमी असल्याचेही सांगितले. त्याच आठवड्यात माझे चौथे आवर्तन झाले होते. केमोचे औषधही मज्जेलाच दाबते. सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी तळाला जातात आणि पुन्हा वर येतात. वहीच्या एकाच उघड्या जोडपानावर डावीकडे त्याचे आणि उजवीकडे माझे आकडे उतरत होते. फरक एवढाच होता, की माझे आकडे परत वर येतील, हे सर्वांना ठाऊक होते.

ऑगस्टच्या शेवटी माझ्या थर्मामीटरने १०१.२ दाखवले. रात्री अकरा वाजता, बाणस्तारीचा पूल ओलांडून जुन्या गोव्यावरून आम्ही बांबोळीला गेलो. संसर्गाशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी ४०० वर आल्या होत्या, ५०० च्या खाली धोका समजतात. मला लगेच शिरेतून प्रतिजैविके सुरू केली गेली. घरातून निघताना सोलू पायरीवर आडवा होता. गाडीचे दार लावण्यापूर्वी मी त्याला हात लावू का, असे विचारले आणि कुणीतरी म्हणाले, “आता नको, आल्यावर.” मी ऐकले.

पाच दिवस मी रुग्णालयात होते. रोज फोनवर विचारत होते, सोलू जेवला का? रोज उत्तर येत होते, थोडे जेवला. तिसऱ्या दिवसापासून ‘थोडे’ हा शब्द गळून नुसते ‘जेवला’ येऊ लागले, तेव्हाच मला उमजायला हवे होते. कदाचित उमजलेही होते. घरी आले तेव्हा पायरी धुतलेली होती. गोठ्यात आहे, झोपला आहे, उद्या बघ, असे सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यजमान माझ्या खोलीत आले, खुर्चीवर न बसता खाली बसले आणि म्हणाले, “सोलू गेलो गो. तूं हॉस्पिटलांत आसतना.” मी दाखल झाल्यानंतर दुसऱ्याच दिवशी, पहाटे, माझ्या बंद दारापाशी तो गेला होता. कुळागरात, म्हणजे आमच्या पोफळीच्या बागेत, पाटापासून उंचावर, फणसाजवळ त्यांनी आणि नारळ काढणाऱ्या पाडेल्याने तीन हात खड्डा खणून, वर चुना टाकून त्याला पुरले होते. म्हणजे मी ज्या चार दिवसांत फोनवर त्याचे जेवण विचारत होते, त्या चारही दिवसांत त्याच्यावर पाऊस पडत होता.

मला या लपवण्याचा राग आला आणि तो राग बरेच दिवस गेला नाही. आज मी त्यांना दोष देत नाही. परंतु ते योग्य होते, असे मला आजही वाटत नाही. आजारी माणसापासून दुःख लपवले की दुःख टळत नाही, ते फक्त शिळे होऊन हातात येते. सगळ्यांचे रडून झालेले असते, जागा धुवून झालेली असते, आणि आपण एकटे मागे राहिलेलो असतो. मी त्या पहाटे जागी होते. त्यांनी मला सांगितले असते, तर त्याला मातीत ठेवताना मी बांबोळीच्या खाटेवरून तिकडे तोंड करून निदान त्याचे नाव घेतले असते. तापात असलेल्या माणसालाही एवढे करता येते.

त्यात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, चार दिवसांवर आली होती. घरात गणपतीवर बांधायच्या रानफळांच्या माटोळीची तयारी सुरू होती. रानातून कांगल्या, कवंडाळे, आटकीचे कातरे येत होते, सुपारीचे घोस बांधले जात होते. रुग्णालयातून नुकती आलेली म्हणून मला गर्दीत बसायचे नव्हते आणि दाराला पडदा लावलेल्या खोलीतून मी ते सगळे पाहत होते. भेटायला आलेल्या जाऊबाईंनी माझे डोळे पाहिले आणि प्रेमानेच म्हणाल्या, “सुणोच न्ही गो तो! इतलें मनाक कित्याक लावन घेता? तूं बरी जाल्यार पुरो.” कुत्राच ना तो, इतके मनाला का लावून घेतेस, तू बरी झालीस म्हणजे पुरे. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. पण त्या शब्दांनंतर मी कुणापुढे रडले नाही. माणूस गेला असता तर दहा दिवसांचे सुतक आले असते, चवथ पुढे गेली असती, लोक येऊन नुसते बसून गेले असते. शोकाची ती पद्धत किती शहाणपणाची आहे, हे मला ती न मिळाल्यावर कळले. माझी मुलगी पुण्याला मानसशास्त्र शिकवते; तिने फोनवर सांगितले, की ज्या दुःखाला समाज दुःख मानत नाही, त्याचा केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ पासून वेगळा विचार मांडला आहे आणि पाळीव प्राण्याचा मृत्यू त्यात मोडतो. शास्त्रात आपल्या दुःखासाठी एक जागा आहे, हे ऐकून मला खरोखर बरे वाटले. त्याचबरोबर मला नामदेवांची आठवण झाली. पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे कोरडी खाऊ नकोस म्हणून तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव मी तीस वर्षे चौथीच्या मुलांना सांगत आले होते.

घरच्यांची भीती मात्र खरी होती: शोक केल्याने माझे आकडे घसरतील, उपचार थांबतील. म्हणून पुढच्या खेपेला मी डॉक्टरांनाच विचारले. त्यांनी पेन खाली ठेवले आणि सांगितले, की तुमच्या पांढऱ्या पेशी औषधाने कमी झाल्या, रडण्याने नाही. जेवण आणि झोप सोडू नका, आणि महिनाभरात मन जागेवर येत नाही असे वाटले तर मला सांगा, त्यासाठीही येथे माणसे आहेत. हे वाक्य मी यजमानांसमोर त्यांना पुन्हा म्हणायला लावले. त्या दिवशी परतीच्या वाटेवर, गाडीत, मी पहिल्यांदा मोठ्याने रडले आणि यजमानांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली.

गोचिडींचा सल उरला होता. तो सांगायला धीर होत नव्हता, कारण उत्तर ‘होय, तुमच्यामुळेच’ असे आले असते तर मला सोसवले नसते. ऑक्टोबरमध्ये मी पशुवैद्यकांना फोन केला. त्यांनी शांतपणे सांगितले, की हा जंतू शरीरात शिरल्यावर कित्येक महिने, कधी काही वर्षेही, काहीच लक्षणे न दाखवता राहतो. जुनाट अवस्था इतक्या लवकर दिसली, म्हणजे लागण मार्चच्या आधीचीच असण्याचा संभव अधिक. ज्या गोचिडी आपण अंगावर पाहतो त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त भिंतीच्या फटींत असतात, एक मादी हजारो अंडी घालते. रविवारची वाटी सर्व गोचिडींना पुरणार नव्हतीच. हे उत्तर मला पूर्णपणे मोकळे करत नाही आणि तसे ते करावे, अशी अपेक्षाही मी आता ठेवत नाही. पण माझ्या न तपासलेल्या त्या रविवारांचे वजन त्याने कमी केले. नोव्हेंबरात गोठ्याच्या चिऱ्यांमधील फटी आम्ही सिमेंटने बुजवल्या आणि त्या वेळीही एक जिवंत गोचीड निघाली.

वहीचे काय झाले ते सांगायचे आहे. चवथीनंतर दर आठवड्याला एक अशी पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाची बारा आवर्तने सुरू झाली. उजव्या पानावर तापाची नोंद करणे भागच होते आणि डावे पान समोर कोरे दिसत होते. औषधाच्या रात्री झोप नसतेच. अशाच एका रात्री मी डावीकडे तारीख घालून लिहिले, ‘सोलू फणसाच्या आठळ्या जमिनीत पुरून ठेवत असे आणि पावसाळ्यात तेथे रोपे येत.’ दुसऱ्या दिवशी आणखी एक ओळ. शाळेच्या प्रार्थनेला तो मुलांच्या रांगेत शेवटी उभा राहत असे. गडगडाट झाला की तो तांदळाच्या पिंपामागे जाई. माझी आई गेली त्या दिवशी तो दिवसभर तिच्या काठीपाशी बसला होता. केमोमुळे विसरभोळेपणा इतका वाढला होता, की ताटातील भाजीचे नाव आठवायला वेळ लागे; तरीही ही एक ओळ रोज सापडत असे. ज्या दिवशी सापडत नसे, त्या दिवशी मी यजमानांना विचारत असे. अशा रीतीने त्यांच्याही आठवणी पानावर येऊ लागल्या. त्या शेवटच्या पहाटे ते दीड तास त्याचे डोके मांडीवर घेऊन बसले होते, हे त्यांनी मला डाव्या पानासाठीच, तेही नोव्हेंबरच्या मध्यावर, प्रथम सांगितले. ते माझ्यापासून काही लपवत होते असे मी समजत होते. पण ते एकट्याने काही वाहत होते, हे मला तोपर्यंत दिसले नव्हते.

कुळागरात जायला मला दिवाळीपर्यंत थांबावे लागले, कारण ओल्या पाचोळ्यातील बुरशी माझ्या प्रकृतीला वर्ज्य होती. गेलो तेव्हा माती दबून जमिनीच्या बरोबर झाली होती, वर पोफळीची झावळी पडली होती. आम्ही ती बाजूला केली. यजमानांनी खिशातून गोळ्यांचे पाकीट काढले. दुसऱ्या क्रमातील अकरा गोळ्या त्यात उरल्या होत्या आणि दोन महिने ते पाकीट त्यांनी टाकले नव्हते. तेथे पुरू या का, असे त्यांनी विचारले. मातीत औषध नको, पाटाचे पाणी पुढे जाते, असे मी म्हणाले आणि ते पाकीट त्यांनी पुन्हा खिशात ठेवले.

नोव्हेंबरअखेर शेवटचे आवर्तन झाले. त्या रात्री उजव्या पानावर मी ९८.४ लिहिले. डावीकडे काय लिहावे ते सुचेना, म्हणून वही यजमानांकडे दिली. त्यांनी चष्मा लावला आणि त्यांच्या मोठ्या, तिरप्या अक्षरात लिहिले, ‘बांगडा दिला की आधी माझ्याकडे बघायचा.’